मौद्याची माझी जोडीदार

जुलैत खेळाच्या मॅडमनी टीमला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा कोर्टवर पाणी साचलं होतं. आमच्या नागपूरच्या कॉलेजचं टेनिस कोर्ट एकच, सिमेंटचं, आणि त्याच्या एका कोपऱ्याला उतार चुकलेला. आम्ही वायपरनं पाणी ओढत होतो. मी, जरीपटक्याची एक सिंधी मुलगी आणि नुकतीच फर्स्ट इयरला आलेली एक. मुलींच्या टीमला चौघी लागतात. चौथी आली नव्हती. ती का आली नाही ते आम्हा दोघींना ठाऊक होतं, म्हणून आम्ही विचारलं नाही. फर्स्ट इयरवालीला माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "चौथी कोण आहे?" जरीपटक्याची खाली बघून म्हणाली, "आएगी." आणि वायपर घेऊन दुसऱ्या टोकाला गेली.

चौथी म्हणजे माझी डबल्सची जोडीदार. ती मौद्याहून यायची. पहाटेची एसटी पकडून पारडीला उतरायची आणि तिथून मी तिला माझ्या गाडीवर घ्यायची. माझं घर नंदनवनला, त्यामुळे ते जवळच पडायचं. तिचे बाबा पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर होते. आई घर सांभाळायची, शिवणकाम करायची. एक लहान बहीण दहावीत. टेनिस ती शाळेत असताना प्लांटच्या वसाहतीतल्या कोर्टवर, भिंतीवर बॉल मारून शिकली होती. तिची सर्व्हिस इतकी जोरात यायची की समोरच्या मुली आधीच मागे सरकून उभ्या राहायच्या. मी नेटजवळ खेळायची. दोन वर्षं आम्ही एकत्र खेळलो. ती मागून काय करणार हे मला वळून न बघता कळायचं.

त्या मार्चमध्ये शहरात एक ओपन स्पर्धा होती. आमची सेमीफायनल. फोन सायलेंट करून बॅगेत, बॅगा जाळीजवळ, हा नेहमीचा नियम. पहिला सेट आम्ही हरलो, दुसरा जिंकलो आणि तिसरा टायब्रेकला गेला. ऊन चांगलंच तापलं होतं. शेवटचा पॉइंट तिच्या सर्व्हिसवर मिळाला. आम्ही एकमेकींना मिठी मारली, ओरडलो, मॅडमही ओरडल्या. मग टॉवेल काढायला तिनं बॅग उघडली.

"बाबाचे एवढे फोन काहून?" ती म्हणाली. अजून ती हसतच होती.

तिनं फोन लावला. उचलला तो शेजारच्या काकूंनी. तिची आई सकाळी स्वयंपाकघरात कोसळली होती. मौद्याच्या दवाखान्यातून नागपूरला न्या म्हणून सांगितलं, आणि वाटेतच, पारडीच्या अलीकडे, ती गेली. आम्ही खेळत होतो ते मैदान तिथून फार लांब नव्हतं. गाडीत बाबा होते आणि लहान बहीण होती. पुढे बहिणीनंच सांगितलं की आई शुद्धीवर होती तोवर विचारत होती, ताई आली का, ताई आली का.

त्या दिवशी मी तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.  रस्ताभर तिनं मागून माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं. फायनल आम्ही खेळलोच नाही.

तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सगळ्या मौद्याला गेलो. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, आम्ही मागं बसून म्हटलं. ती पांढऱ्या साडीत होती, पाहुण्यांना पाणी देत होती, आणि आमच्याकडेही पाहुण्यांकडे बघावं तसंच बघत होती. त्यानंतर परीक्षेला आली. पेपर दिला की लगेच बस. खेळाचं नाव मी काढलं नाही, तिनंही नाही.

म्हणून जुलैत ती आली नाही तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "रविवारी मौद्याला जाऊन येऊ. तू चल."

मॅडम आमच्या क्रीडाशिक्षिका. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. विद्यापीठाच्या टीममधून कधीकाळी त्याही खेळल्या होत्या. त्यांच्या गाडीनं आम्ही निघालो. कन्हान नदीचं पाणी वाढलं होतं. वाटेत मॅडमनी एकदाच तोंड उघडलं. "तिला आग्रह करायचा नाही," म्हणाल्या.

घरात समोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर आणि तिच्याखाली आईचा नवीन फोटो. बाबा घरी होते. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. मॅडम तिला म्हणाल्या, "सीझन सुरू होतोय. तुझी जागा तशीच आहे. एवढंच सांगायला आलो."

"मले नाही जमणार मॅडम."

बाबा गडबडीनं म्हणाले, "मॅडम, मी तिले नाही म्हटलं असं समजू नका. उलट मीच म्हणून राहिलो, जाय. घरचं आमी दोघं बाप-लेक पाहून घेऊ. सैपाक मी शिकून राहिलो आता. पण पोरगी रॅकेटले हातच लावत नाही."

ती उठून चहा ठेवायला गेली. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघर लहान, एका कोपऱ्यात शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. गॅसकडे बघतच ती बोलली. "आई मले विचारून राहिली होती तवा मी काय करत होती सांग. उड्या मारत होती. आता बॉल दिसला का मले तेच आठवते. बॅगेत फोन वाजत असन, असंच वाटते. घरी आहो तर बाबा दिसते, बहीण दिसते. कोर्टवर कोण दिसन?"

  मी कप पुढे केले, तिनं चहा गाळला.

निघताना, दारात चपला घालता घालता, मॅडम तिला म्हणाल्या, "तुमचं दोघींचं आत काय बोलणं झालं ते मी विचारत नाही. पण आलीस तर फोन बॅगेत ठेवायचा नाही. चालू ठेवून माझ्या हातात द्यायचा. वाजला की मी तुला आवाज देईन. प्रॅक्टिस असो, मॅच असो."

"मॅच थांबवता येते का मॅडम?"

"नाही येत. पॉइंट जाईल. फार वेळ लागला तर मॅचही जाईल." मॅडमनी दुसरी चप्पल घातली. "जाऊ दे."

मला वाटलं होतं ती दुसऱ्याच दिवशी येईल. ती आली नाही. आठवडा गेला, ऑगस्ट लागला. आम्ही तिघी खेळत राहिलो. माझ्याबरोबर डबल्सला मॅडमनी फर्स्ट इयरवालीला उभं केलं. ती बिचारी जीव तोडून धावायची. तरी मागून बॉल आला की मी वळून बघायची, कारण आता वळून बघितल्याशिवाय काही कळत नव्हतं.

मग एका सकाळी मी हेल्मेट घालत असताना फोन आला. "पारडीले उतरली आहो. घ्यायले येशील का वं?"

ती थांब्यावर उभी होती, खांद्याला किट.  कोर्टवर आल्यावर तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो खिशात नाही ठेवला. हातातच धरला. एका हातात फोन असल्यावर बॉल कसे टाकणार? जरीपटक्याची पुढे झाली. "मॅडम, आप बस फोन पकडो. बॉल मैं डालती हूँ." ती एरवी दुकानातली गिऱ्हाइकं, मावसबहिणीचं लग्न, काहीतरी सांगत सगळ्यांना हसवायची. त्या दिवशी गुपचूप बादलीतले बॉल टाकत राहिली.

सर्व्हिसला माझी जोडीदार उभी राहिली. तिचा टॉस हलत होता. बॉल वर जायचा आणि ती तो तसाच खाली पडू द्यायची. पुन्हा टाकायची, पुन्हा सोडायची. मधेच मॅडमकडे बघायची. मॅडम मान हलवायच्या, काही नाही. असे काही दिवस गेले. हळूहळू बॉल नेटपार जायला लागले. पूर्वीचा जोर मात्र नव्हता.

आणि एका सकाळी फोन वाजला.

आम्ही सगळ्या होतो तिथं थिजलो. रॅकेट तिच्या हातातून कधी सुटलं कळलं नाही. ती धावत गेली, मॅडमनी आधीच फोन पुढे केला होता. "काय झालं बाबा?" तिचा आवाज चिरकला. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला, त्यामुळे पलीकडचं आम्हालाही ऐकू आलं.

"काही नाही वं. कुकरची शिट्टीच होऊन नाही राहिली. त्याचं रबर कुठी ठेवलं?"

 ती म्हणाली, "मिठाच्या डब्ब्यामागं पाहा."

"हाव, सापडलं. खेळ खेळ."

फोन बंद झाला आणि ती तिथंच बेसलाइनवर बसली आणि रडायला लागली. मार्चपासून आमच्यापैकी कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नाही, पुण्यानुमोदनाला नाही. फर्स्ट इयरवाली पाणी घेऊन निघाली, मॅडमनी तिला हातानं थांबवलं. मी जाऊन शेजारी बसले. सिमेंट ओलं होतं, आमचे कपडे भिजले. त्या दिवशी प्रॅक्टिस झाली नाही.

मला वाटलं ती रडली हे बाबांना कळलं तर ते पुन्हा कधी फोन करणार नाहीत. तिनं घरी सांगितलंही. पण उलटंच झालं. त्यानंतर बाबांचे फोन वाढले. हळद कुठे आहे, दूधवाला आला नाही, बहिणीची ओढणी वाळत टाकलेली सापडत नाही. पहिल्या काही वेळी ती तशीच धावली. नंतर चालत जायला लागली. पुढे पुढे फोन वाजला तरी चालू असलेला पॉइंट संपवून मग जायची. हे बाबांनी मुद्दाम केलं की खरंच त्यांना हळद सापडत नव्हती, ते मी त्यांना विचारलं नाही. शिफ्टवर निघायच्या घाईत असलेला माणूस एका ओढणीसाठी फोन करेल का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सप्टेंबरच्या शेवटी आंतरमहाविद्यालयीन सामने लागले. पहिलीच लढत तगड्या टीमशी. एक सिंगल्स जरीपटक्याची जिंकली, दुसरी फर्स्ट इयरवाली हरली, म्हणजे सगळं डबल्सवर आलं. पंच एक वयस्कर गृहस्थ होते. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन फोनचं सांगितलं.  ते म्हणाले, "कोर्टच्या आत नको. जाळीबाहेर तुम्ही उभ्या राहा. बाकी मी काही ऐकलं नाही."

मॅडम जाळीबाहेर, उन्हात, फोन हातात घेऊन पूर्ण मॅच उभ्या राहिल्या.

तिसरा सेट पुन्हा टायब्रेकला गेला. मला मार्च आठवला, तिला तर आठवलाच असेल. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ती जाळीकडे बघायची, मॅडम फोनचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवायच्या, मग ती टॉस टाकायची. पंचांनी एकदा "लवकर" म्हटलं. नंतर म्हटलं नाही. शेवटच्या काही सर्व्हिस अगदी तिच्या जुन्या होत्या, माझ्या कानाजवळून शिट्टीसारख्या गेल्या. तरी आम्ही हरलो. शेवटचा बॉल माझ्या रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. सीझन आमच्यासाठी पहिल्याच दिवशी संपला.

तिनं समोरच्यांशी हात मिळवले, पंचांशी मिळवले, मग मॅडमकडून फोन घेऊन घरी लावला. "बाबा, हरलो आमी." तिकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "नाही, रडून नाही राहिली. जेवून येतो मी."

संध्याकाळी मी तिला पारडीला सोडलं. बसला वेळ होता. आम्ही थांब्याच्या बाकावर बसलो आणि ती पहिल्यांदा आपण होऊन आईबद्दल बोलली.

"आईनं माही एकबी मॅच नाही पाहिली. शिलाईचं काम सुटत नव्हतं. पण घरी गेली का सगळा स्कोर विचारे. पंधरा, तीस, मग चाळीस काहून वं, म्हणे, पंचेचाळीस पाहिजे. दरवेळेस."

"मग तू काय सांगायची?"

"मले कुठं माहीत? मी म्हणो, तसंच असते आई." ती हसली, आणि हसू बराच वेळ तसंच तिच्या चेहऱ्यावर राहिलं. "तिले ते कधी पटलंच नाही."

मौद्यावरून जाणारी भंडाऱ्याची बस आली. गर्दी होती. तिनं किट लोकांच्या डोक्यावरून आत दिलं, कोणीतरी ते घेतलं, आणि मागोमाग तीही चढली.