भिंत सिंगापूरचीच आहे

"हा कॅमेरा आहे का तोफ?" जानकीमावशीने विचारलं.

शोकेसमधला सगळ्यात मोठा कॅमेरा मी नुकताच तिच्या हातात दिला होता. पुढे हातभर लेन्स, गळ्यात घालायला रुंद पट्टा. दुसऱ्याचं तान्हं मूल घेतात तसा तिने तो धरला होता, रडायला लागलं की लगेच परत द्यायच्या तयारीत.

"मावशी, याचा झूम बघ. समुद्रात उभी असलेली होडी अशी समोर येते."

"होडी मी रोज बघते रे. होडी बघायला सिंगापूरला कशाला जाऊ?"

शेजारी उभी असलेली नर्मदामावशी तोंडाला पदर लावून हसली. माझ्या विक्रीकलेला मिळालेली ही त्या दिवशीची पहिली पावती.

डहाणू रोडच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळांची आयकार्डं, आणि कुणी सापडलाच तर कॅमेऱ्याची विक्री. मी मूळचा तळासरीचा. तिथल्या एका लग्नात मी कॅमेऱ्यात कार्ड न घालता अख्खी हळद शूट केली होती. कार्ड म्हणजे ज्यावर फोटो साठतात ती नखाएवढी चिप. ती नसली तरी कॅमेरा खट् खट् आवाज इमानदारीत करतो. तळासरीत अजून लोक मला नमस्कार करत नाहीत, "कार्ड घातलं का?" असं विचारतात. सांगायचा मुद्दा, मी तज्ज्ञ आहे.

जानकी आणि नर्मदा या नरपडच्या जावा-जावा. दोघी बाजारात शेजारी बसून मासे विकतात. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. म्हणजे मी काय खायचं ते त्या ठरवतात आणि मी पिशवी पुढे करतो. जानकीचा मुलगा हर्षद सिंगापूरला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. "आई, आयुष्यात एकदा सुट्टी घे, इकडे ये, फिरवतो," म्हणून त्याने तिकीट पाठवलं होतं. तिकीट दोघींचं काढणार होता. पण नर्मदामावशीचा नवरा अर्धांगाने खाटेवर. बाजाराला येण्यापुरतं शेजारीण त्याच्याकडे बघते. इतके दिवस कोण बघणार?

"तू जा," ती जावेला म्हणाली होती, "आणि फोटो काढून आण."

त्यासाठी कॅमेरा. साधा, खिशाला झेपणारा, हातात मावणारा. ही त्यांची मागणी. मी पुढे केली होती तोफ.

"मावशी, खरं सांगू? हर्षदने तुला फोन दिलाय ना, त्यात चांगला कॅमेरा आहे," मी म्हणालो. धंद्यात असं बोलायचं नसतं. पण तोंडातून गेलं.

तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि काचेवर अंगठा टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. पदराला पुसून टेकवला. फोन ढिम्म. जन्मभर मीठ आणि खवल्यांत घासलेली बोटं. काच ती ओळखायलाच तयार नव्हती.

"बघ. मी दाबते, हा झोपलेलाच. कॉल आला तर शेजारची पोरगी उचलून देते. तिकडे काय तिला घेऊन फिरू?"

हे डोळ्यांनी बघितल्यावर मी काय करावं? आत जाऊन टचस्क्रीनचा कॅमेरा आणला. नवा, सुंदर, सगळं काचेवर चालणारा. मावशीने काचेवर अंगठा ठेवला, मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुझी झोप झाली नाय का रे?"

आता नर्मदामावशी पुढे झाली. ती कमी बोलते, पण बोलली की बाजारातला आवाज खाली येतो. "हे बघ. मला सिंगापूर नको. बिल्डिंगा नको, दिवे नको. मला हर्षदचं तोंड बघायचंय. पुरं."

"व्हिडिओ कॉल करतो की तो."

"करतो! टोपी घालून बसतो आणि एकच बाजू दाखवतो. कधी कपाळ, कधी पंखा. विचारलं की म्हणतो, काकी, नेटवर्क नाय. नेटवर्क काय अर्ध्या तोंडालाच नसतं?"

"नोकरीत दमत असेल," जानकीमावशी म्हणाली, पण तिने ते माझ्याकडे बघून म्हटलं, जावेकडे बघून नाही.

"दमलेलं पोर मला कळतं. ही पहाटे बाजाराला जायची तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा. तो काय तरी लपवतोय." मग जावेला म्हणाली, "अगो, तू फक्त त्याचं पुरं तोंड घेऊन ये."

मी मान डोलावली आणि मेगापिक्सेल समजावायला लागलो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी जोरात होतो. मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती बारीक ठिपक्यांचा बनतो त्याचा हिशोब. भिंतभर फोटो लावायचा नसेल तर फार ठिपके लागत नाहीत. झूमही दोन प्रकारचा. भिंग पुढे सरकतं तो खरा. दुसऱ्यात कॅमेरा फोटो नुसता कापून मोठा करतो. दोघींनी सगळं ऐकून घेतलं. मग जानकीमावशीने माझ्या टेबलावर बोट दाखवलं.

"तो काय आहे?"

तो माझा पेपरवेट होता. म्हणजे होता कॅमेराच. कॉलेजच्या पोरांत मध्यंतरी जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची फॅशन आली, म्हणून मी थोडे सेकंडहँड घेऊन ठेवले होते. हा एक उरला. रंग उडालेला, म्हणून कुणी घेतला नाही. पंख्याने बिलं उडू नयेत म्हणून मी तो त्यांच्यावर ठेवत असे.

तिने उचलला. तळहातात मावला. वर एक खरंखुरं बटण, दाबलं की खाली जाणारं. मनगटात अडकवायला दोरी. पेन्सिल सेलवर चालणारा.

"सेल कुठे पण मिळतात ना?"

"कुठे पण."

"मग हाच."

मला तो विकायचा म्हणजे अपमान वाटत होता. "मावशी, हा फार साधा आहे गं."

"मी कोण लागून गेले?"

मग शिकवणी. या कॅमेऱ्यांचं बटण दोन टप्प्यांत दाबतात. आधी अर्धं दाबायचं, म्हणजे कॅमेरा समोरचं नीट बघून घेतो. याला फोकस म्हणतात. चेहरा सापडला की त्याच्याभोवती हिरवा चौकोन येतो. मग पुरं दाबायचं. ही अर्ध्या बटणाची गोष्ट शिकलेसवरलेले लोकही विसरतात आणि फोटो हलले म्हणून माझ्याशी भांडायला येतात. मी म्हटलं, "पापलेट ताजं आहे का बघायला हलकेच दाबतेस ना, तसं."

तिने दाबलं. चौकोन आला. पहिला फोटो लख्ख.

आणि इथे माझी खरी करामत सुरू होते, ती थोडं मागे जाऊन सांगावी लागेल. मावशीचा व्हिसाचा फोटो मीच काढला होता आणि तो परत आला होता. कारण तिच्या एका कानावर पदर होता आणि मी बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी मी इतका धसका घेतला की तिला पढवूनच टाकलं: पाठीमागे पांढरी भिंत, मान सरळ, डोक्यावर काही नको, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. नाहीतर फोटो रिजेक्ट होतो. हे मी तिच्याकडून मोठ्याने म्हणवूनही घेतलं होतं.

तर मावशीने सरावाला कॅमेरा जावेकडे वळवला आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "नर्मदे, भिंतीला टेक. कान काढ. हसू नको, रिजेक्ट होतो!"

मी पोट धरून हसलो. तेवढ्यात झेरॉक्सला गिऱ्हाईक आलं. "मावशी, हा नियम फक्त पासपोर्ट-व्हिसाला, बाकी फोटोत खुशाल हसा," हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, ते तिथेच राहिलं. कार्ड मात्र मी घातलं. परत परत उघडून बघितलं. तेवढं तळासरीने शिकवलं आहे.

मावशी सिंगापूरला गेली. नर्मदामावशी बाजारात एकटीच दोन्ही टोपल्यांमागे बसायची. मी दिसलो की विचारायची, "निघत असतील ना रे फोटो?" मी म्हणायचो, "एकदम फर्स्ट क्लास." आणि घरी जाताना आठवायचं, की ते एक वाक्य सांगायचं राहिलंच.

मावशी परत आली त्याच आठवड्यात दोघी दुकानात हजर. मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

पहिला फोटो: एक तरुण मुलगा. पांढरी भिंत, मान सरळ, दोन्ही कान.

"हा त्याच्या खोलीवरचा," मावशी म्हणाली.

दुसरा: एक वयस्कर गृहस्थ. पांढरी भिंत. टोपी हातात. दोन्ही कान.

"वॉचमन. भला माणूस."

तिसरी एक बाई, चौथा भाजीवाला, पुढे मायलेकी. सगळे भिंतीला टेकलेले, सगळे गंभीर, जसं काही पूर्ण सिंगापूर कुठे तरी अर्ज करणार आहे. समुद्र नाही, बाग नाही, एक दिवा नाही. आयुष्यात एकदा परदेशी गेलेली बाई, आणि माझ्यामुळे भिंत घेऊन आली.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "सिंगापूर कुठाय?"

"हे काय! भिंत सिंगापूरचीच आहे."

मी पुढचं बटण दाबलं आणि हर्षद आला.

टोपी नाही. चेहरा समोर, डोळे थेट आपल्याकडे. आणि उजव्या कानापासून गालावर उतरलेला गुलाबी, चकचकीत डाग.

नर्मदामावशी स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. "मोठा कर," मला म्हणाली. मी केला. "अजून." त्या साध्या कॅमेऱ्याने प्रत्येक रेघ टिपली होती. कातडी ताणलेली होती, पण सुकलेली. डोळा शाबूत, कान शाबूत.

"भाजलंय," ती म्हणाली.

"तेल उडालं, किचनमध्ये," जानकीमावशी म्हणाली. "गेल्या साली. आता दुखत नाय. डॉक्टरने सोडलंय."

"मला सांगितलं नाय कुणी."

"मला तरी कुठे! तिकडे गेले तेव्हा बघितलं. लगेच शपथ घातली त्याने. आई, काकीला बोलायचं नाय, ती काकांचं करते, वर हे नको. काय करू? पोटच्या पोराची शपथ."

नर्मदामावशीने तिच्याकडे वळून बघितलं. "मग हे?"

"बोलू नको म्हणाला. फोटोचं काय बोलला नाय." मावशीचा चेहरा पासपोर्टसारखा सरळ होता. "पण टोपी काढेना. मग मी आधी त्या खोलीवाल्याचा काढला. मग वॉचमनचा. दिसेल त्याला भिंतीला टेकवला. सगळ्यांना सांगितलं, आमच्या डहाणूच्या फोटोवाल्याचा कायदा आहे, कान दिसला पाहिजे, नायतर रिजेक्ट होतो. मग त्याला म्हटलं, वॉचमनने टोपी काढली, तू कोण मोठा लागून गेलास?"

मी खुर्चीत बसलो. इतके दिवस जी चूक मला खात होती, ती या बाईने होडीसारखी वल्हवून पलीकडे नेली होती. मी शिकवलेला नियम ती विसरली नव्हती, आणि तिला तो कुठे लागतो हेही नीट माहीत होतं.

"फोन लाव," नर्मदामावशी मला म्हणाली. मी माझ्या फोनवरून हर्षदला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे टोपी दिसली, अर्धं कपाळ दिसलं.

"काकी, नेटवर्क..."

"टोपी काढ."

"काकी..."

"काढ म्हणते ना. मी बघितलंय सगळं. फोटोवाल्याच्या दुकानात उभी आहे, एवढं मोठं तोंड आहे तुझं इथे."

मग टोपी निघाली. पूर्ण चेहरा आला, दोन्ही कानांसकट. नर्मदामावशी त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिने तपासणी केल्यासारखं विचारलं, "खोबरेल लावतोस का रोज?"

"लावतो."

"आणि जेवतोस?"

"काकी, मी हॉटेलात कामाला आहे."

"तेच विचारते, जेवतोस का?" आणि मग कुठे तिचा आवाज फुटला. जानकीमावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली: झालं काम.

हर्षदचा तो फोटो मी मोठा करून दिला. तो आता नरपडला, काकांच्या खाटेवरून दिसेल असा भिंतीवर आहे. जाऊन बघितला मी. चांगला आलाय. माझ्या महागड्या कॅमेऱ्यानेही तो याहून चांगला आला नसता, आणि ते मान्य करायला मला पेपरवेट गमवावा लागला. बिलं उडतात हल्ली.

धडा एवढाच घेतला, की कॅमेरा घ्यायला कुणी आलं की मेगापिक्सेल सांगण्याआधी मी विचारतो, फोटो बघणार कोण? परवा घोलवडचे एकजण दुबईच्या टूरसाठी कॅमेरा बघायला आले होते. पाठीमागचा टॉवर पूर्ण यायला हवा म्हणाले. मी म्हटलं, टॉवरचं सोडा, पुढे कोण उभं राहणार आहे ते सांगा. ते उठले आणि समोरच्या दुकानात गेले.

ते जाताना मी ओरडून सांगितलं, कार्ड घालायला विसरू नका.