सेबॅस्टियनची जीभ

कंपनीने मला वसईच्या पट्ट्यात टाकलं ते त्र्याहत्तर साल. टाकलं म्हणजे शब्दशः टाकलं. आमच्या मॅनेजरला माझी बडबड सहन होत नव्हती, म्हणून त्याने मला सांगलीहून उचललं आणि बजावलं की समुद्रकाठी जाऊन पाण्याच्या मोटरी विक. या हंगामात दहा विकल्यास तर नोकरी कायम, नाहीतर घरी बस. घरी बसून माझं भागणार होतं थोडंच? घरात सहा महिन्यांची पोर होती आणि थकलेले आईबाप होते. शिव्या घालत गाडीत बसलो.

नालासोपाऱ्याला उतरलो, एस.टी.ने निर्मळच्या पुढे गेलो आणि राहायला जागा शोधू लागलो. लॉज नावाची चीज त्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. त्यात मी जैन. मांस-मासे नाही, अंडं नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी नाही. आणि गाव सगळं ख्रिस्ती बागायतदारांचं, दर दुसऱ्या अंगणात सुकट वाळत घातलेली. म्हटलं, भूपाल मगदूम, आता काही तुझं खरं नाही.

थांब्यावर एक उंच, काटकुळा माणूस विड्याच्या पानांच्या करंड्या एस.टी.च्या टपावर चढवत होता. पंचेचाळिशीचा असेल. त्याने माझी बॅग बघितली, पडलेला चेहरा बघितला आणि आपण होऊन म्हणाला की आमच्या ओटीलगतची खोली रिकामी आहे. हा सेबॅस्टियन. मी त्याला माझे सगळे नियम तिथेच भडाभडा सांगून टाकले, म्हणजे नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणू दे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की ते उर्सुला बघेल.

उर्सुला त्याची बायको. उर्सुलावहिनींनी बघितलं ते असं, की दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी विटांची वेगळी चूल मांडली आणि बाजारातून तीन नवीन पातेली आणली. त्या पातेल्यांना घरातल्या कुणी हात लावायचा नाही. केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. एवढं निगुतीचं जेवण मला माझ्या सख्ख्या मावशीकडे मिळालं नव्हतं, आणि मावशी काही वाचत नाही म्हणून बिनधास्त लिहितो. रविवारी घरात डुकराचं मटण व्हायचं, पण मी असलो की ते परसात, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन शिजायचं. आणि सूर्य नारळीच्या खाली उतरायला लागला की सेबॅस्टियनदादा सायकल काढून मला शोधत यायचे. मी कुणाच्यातरी वाडीत मोटरीचं कौतुक सांगत उभा असायचो. ते कुंपणाबाहेरून म्हणायचे, भूपाल, दिवस चालला. मी उपाशी राहू नये म्हणून एका कॅथलिक माणसाने सूर्यावर नजर ठेवावी, हे आमच्या गावात सांगितलं तर लोकांना थाप वाटली.

आता त्यांच्या जिभेबद्दल. दादांची अर्ध्या एकराची वाडी होती, गावात समुद्राच्या सगळ्यात जवळची, त्यात पानवेली आणि कडेने केळी. मधोमध विहीर, तिच्यावर लोट्यांचा रहाट, रहाटाला रेडा. रोज पहाटे रेडा जुंपायच्या आधी दादा ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, जरा घोळवायचे आणि मग गिळायचे. मला वाटलं काही नवसबिवस असेल. मग कळलं की त्या माणसाला पाण्याची चव कळते. कळते म्हणजे किती? पाच विहिरींचं पाणी पाच पेल्यांत ठेवा, डोळे बांधा, हा सांगणार कुठलं कुणाचं. मी स्वतः परीक्षा घेतली. एका पेल्यात दोन विहिरींचं पाणी मिसळून ठेवलं, तर दोन्ही विहिरींची नावं सांगून वर माझ्याकडे बघून हसले. आसपासच्या चार गावांत नवीन विहीर खणली की पहिली ओंजळ सेबॅस्टियनची. तो गोड म्हणाला की वेली लावायच्या, नाही म्हणाला की नाही लावायच्या. पानवेल फार नाजूक. पाण्यात जरा खार आला की पानाच्या कडा करपतात आणि वेल जाते. तेव्हा सगळ्यांचं पोट त्या जिभेवर होतं म्हणा ना.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विहिरीकाठी बसवून सांगितलं होतं. आजही शब्द न् शब्द आठवतो.

"भूपाल, इथलं गोड पानी पावसाचं. ते वर तरंगतं. खाली समुद्राचं खारं. रहाट वरचं वर काढतो, म्हनून चाललंय. तुझी मोटर ओढायला लागली की खालचं वर येनार, सगळ्यांच्याच विहिरीत."

मी काय गप्प बसणार? मी कंपनीचं छापील पत्रक काढलं. समुद्र दीड मैल लांब, मोटर तीन एच.पी.ची, पाणी खालून येतंच असतं, असं अर्धा तास ऐकवलं. त्यांनी वाद घातला नाही. उठले आणि रेड्याला वैरण टाकली.

मोटरी मात्र खपेनात. महिना उलटला, विकल्या दोन. जो तो म्हणायचा, सेबॅस्टियनला विचारून सांगतो. मॅनेजरचं कार्ड आलं, त्यात धमकीशिवाय काही नव्हतं. ते कार्ड मी जेवताना वाचून दाखवलं, थोडा रडलोही. लपवायचं कशाला, पोरगी डोळ्यांपुढे आली होती. वहिनींनी भाकरी वाढली. दादांनी ते कार्ड मागून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर गावकरी चर्चच्या आवारात चिंचेखाली जमले. माझा नेम असा, की ते बाहेर पडायच्या वेळी पत्रकं घेऊन तिथे उभं राहायचं. डॉमनिक नावाचा शेजारी, वाडी मोठी आणि आवाज त्याहून मोठा, त्याने सगळ्यांदेखत दादांना विचारलं, मोटर बसवावी का? सगळे दादांकडे वळले. मीही. दादांनी एक शब्द उच्चारला असता तर मला दुसऱ्या दिवशीची गाडी पकडावी लागली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाले की मोटर चांगली आहे, कष्ट वाचतील, आणि मगदूम खोटं बोलणारा माणूस नाही.

त्या महिन्यात अकरा मोटरी गेल्या. नोकरी कायम झाली, घरच्यांनी सांगलीला पेढे वाटले. तरी निघायच्या दिवशी दादांना विचारलं, तुम्ही मला सांगितलं ते त्यांना का नाही सांगितलं? ते म्हणाले, तू माझ्या घरी जेवतोस. जेवणाऱ्याच्या ताटावर पाय कसा देऊ? मी म्हटलं, वा, काय माणूस. आणि खुशाल गाडीत बसलो. त्या बोलण्याने त्यांची स्वतःचीही विहीर पणाला लागली होती, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. की मी शिरू दिलं नाही? काय की.

नंतर दर हिवाळ्यात महिना-दीड महिना मी तिथेच उतरायचो. रहाट एकेक करून थांबले, रेडे विकले गेले, सगळीकडे मोटरींची घरघर. डॉमनिकने तर केळी दुप्पट केली आणि घरावर मंगलोरी कौलं चढवली. दादांनी मोटर घेतली नाही. मी विचारलं, ते म्हणाले रेडा अजून तरणा आहे.

एकोणऐंशीला गेलो तेव्हा वाडी बघून चपापलो. पानवेली जेमतेम चार ओळी उरल्या होत्या आणि त्यांच्या पानांच्या कडा तपकिरी पडलेल्या. दादा म्हणाले रोग पडलाय. मी विश्वास ठेवला, कारण त्या वर्षी मी खुशीत होतो. विहिरींचं पाणी खाली गेलं होतं, तीन एच.पी. पुरत नव्हती, आणि डॉमनिक धरून सहा जणांना पाच एच.पी.ची मोटर हवी होती. सहा मोटरी न बोलता. मला तोंड उघडायचीही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे लवकर जाग आली. खिडकीतून बघतो तर उर्सुलावहिनी चर्चच्या बाजूने, डोक्यावर हंडा घेऊन येताहेत. तिकडची विहीर अर्धा मैल लांब. घरची विहीर असताना ही बाई एवढी पायपीट का करते? हंडा त्यांनी माझ्या चुलीशी उतरवला, माझं फडकं माझ्या कळशीवर ताणलं आणि पाणी गाळायला लागल्या. मी मागच्या दाराने विहिरीवर गेलो, पोहरा सोडला आणि हातरुमालातून गाळून घोट घेतला.

मचूळ. गिळवलं नाही.

वहिनींना विचारलं तर आधी टाळाटाळ केली. मग सांगितलं की दोन उन्हाळे झाले. घरातली माणसं हेच पितात, सवय झाली आहे. "पन तुमाला कसं देनार? आनि कळलं तर तुमी मनाला लावून घेनार. यांनी सांगू नको म्हटलं होतं."

मी तसाच दादांकडे गेलो. रेड्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. मी काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही, पण बराच वेळ बोललो. स्वतःला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या. म्हटलं, या रविवारी मी चिंचेखाली उभा राहून सांगतो, एकही मोटर घेऊ नका. पाच एच.पी. बसली तर उरलेल्या विहिरीही जातील, अख्खा गाव जाईल.

ते म्हणाले, तू नको. तुझी नोकरी जाईल, पोरगी आता शाळेत जाते ना? मीच सांगतो.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, पण आधी हायसं वाटलं.

रविवारी मिस्सा सुटली. मी बॅग घेऊन नेहमीच्या जागी उभा होतो. माणसं जमली, डॉमनिकने मला हात केला आणि ऑर्डरचा कागद काढायला सांगितलं. तेवढ्यात दादा पुढे झाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, शर्टाचं बटण चाचपत होते.

"माझी विहीर मचूळ झाली," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. मोठ्या मोटरी घेऊ नका. आहेत त्या पन सकाळचे दोन तास चालवा, मग बंद करा. नायतर तुमच्या पन जातील."

गोड पाण्यासाठी चार गावांत नाव असलेला माणूस भर आवारात आपली विहीर गेल्याचं सांगतो, याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. डॉमनिकचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. हळूच म्हणाला,

"सेबॅस्टियन, मोटर घ्यायच्या आधी तुलाच विचारलं होतं आमी. याच झाडाखाली. तवा का नाय सांगितलंस?"

सगळे दादांकडे बघत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. या जागी माझं एक वाक्य पुरलं असतं: यांनी मला सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, माझ्या नोकरीसाठी हे गप्प राहिले. एवढंच वाक्य. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं. दादांनी माझ्या दिशेला मान वळवली नाही. वळवली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला अजून सांगतो.

"नाय कळलं मला," ते म्हणाले. "जिभेला कळलं नाय."

मी बॅगेची चेन उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागलो.

मोठ्या मोटरी कुणी घेतल्या नाहीत. सकाळचे दोन तास हा नेम गावाने धरला, आणि चर्चकडच्या बाजूच्या विहिरी पुढे पुष्कळ वर्षं गोड राहिल्या. दादांची परत गोड झाली नाही. वेली काढून त्यांनी नारळ लावले, नारळाला मचूळ पाणी चालतं. माझी नोकरी टिकली.

नवीन विहीर खणली की लोक पाणी बाटलीत भरून तालुक्याला तपासायला धाडू लागले. ज्या जिभेला आपल्या परसातलं पाणी कळलं नाही, तिला विचारायचं कशाला? सेबॅस्टियनदादांना कुणी बोलावलं नाही. मी त्यानंतर आणखी चार हिवाळे त्यांच्याकडे उतरलो, दिवस मावळायच्या आत जेवलो, आणि वहिनी अर्ध्या मैलावरून आणत होत्या ते पाणी प्यालो.