खिट्टीची जांभई

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि तोही जांभईविना. जांभई यायची, पण निम्म्यातच अडायची. लहानपणी ती जिन्यावरून हनुवटीवर आपटली, तेव्हापासून कानांपुढचे जबड्याचे सांधे हाडानं जखडत गेले. खालचा जबडा वाढलाच नाही. दातांत जेमतेम करंगळी जाईल एवढी फट. घास चपटा करून आत सरकवायचा. दाराला खिट्टी लावावी तसं तिचं तोंड, म्हणून सुतारखान्यात सगळे तिला खिट्टी म्हणत. पण तिनं घासलेल्या फळीवर हात फिरवला की चेष्टा करणारेही पुन्हा एकदा हात फिरवून बघायचे.

लाकूड घासून गुळगुळीत करणं हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशीही ती पॉलिशचं काम घ्यायची. सगळी कमाई ऑपरेशनसाठी बाजूला पडत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही सांधे नवे बसवू आणि त्याच वेळी जबडा पुढे आणून दातांचा मेळ जमवू."

थोरला भाऊ तिच्याच सुतारखान्यात सुतार. तो बिचकला. "एवढं एका दमात? आधी सांधे करू, मग पुढचं बघू."

"दादा, चौकट पिळलेली आणि बिजागरी नवी. दार लागेल?"

"मी तुझ्या थोबाडाचं बोलतोय, दाराचं नाही!"

"मी पण थोबाडाचंच बोलतेय."

ऑपरेशन दिवसभर चाललं. सूज उतरल्यावर आरशात पाहिलं, तर हनुवटी हवी तिथं आलेली. तोंड उघडणं मात्र आता तिच्याच हाती होतं. दवाखान्यानं चपट्या लाकडी काड्या दिल्या. रोज त्यांची चळत दातांत सरकवायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. तिनं एक दिवस चुकवला नाही. ठरलेली चळत बसली, तेव्हा ती ऐटीत दवाखान्यात गेली.

बाईंनी पट्टी लावली. माप कमी भरलं.

"काड्या तेवढ्याच होत्या ना? मग सांधा पुन्हा जखडतोय की काय?"

तिचा हात जबड्यावर गेला. इतक्या वर्षांचे कष्ट त्या दोन सांध्यांत होते.

भावानं तिच्या पिशवीतली चळत काढली, सवयीनं वरून अंगठा फिरवला आणि थबकला. "खिट्टे, या घासल्यास तू?"

"मग काय, खरबरीत लाकूड तोंडात घालू?"

"अगं बाई, घासून घासून निम्म्या केल्यास की!"

बाईंनी सांधे चाचपले, जबडा हलवून पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. "सांधा ठणठणीत आहे. काड्याच वाळल्यात!"

कोऱ्या काड्या मिळाल्या. पॉलिश पेपर भावानं कपाटात कोंडला. तिनं पुन्हा पहिल्यापासून चळत चढवली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात थांबला नाही. मापही भरलं. ती कामावर रुजू झाली.

मग एका पहाटे, चहाचं आधण ठेवताना, जांभई आली. तिनं सवयीनं ओठ आवळले. जांभई ऐकेना. तोंड उघडत गेलं, उघडतच गेलं, पार कानापर्यंत.

दारातून भाऊ ओरडला, "आवर, मला गिळशील!"

"माझ्या घामाच्या पैशाची जांभई आहे. पुरती देऊ दे," ती म्हणाली आणि लगेच दुसरी दिली.