शमीमआपांचा रोजचा प्रश्न

अमरावतीत संध्याकाळी मी कुलपाला किल्ली लावली, की शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबायचं. मग शमीमआपांचा आवाज यायचा, "बेटा, आज पोचलं काय?"

"नाही, आपा."

"पोचन. चहा पिऊन जा." आणि मशीन पुन्हा सुरू.

पोहोचायचं होतं ते औषध. कर्करोगाचं औषध नॅनोकणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत, भरून मेंदूतल्या गाठीपर्यंत न्यायचं, हे माझं संशोधन. मेंदूतल्या रक्तवाहिन्या बहुतेक औषधांना आत शिरूच देत नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपांनी तोंडात धरलेली टाचणी बाजूला काढली. त्या वर्षी अंजनगाव सुर्जीला त्यांच्या भावाची कपाशी गुलाबी अळीनं खाल्ली होती.

"आमच्या पराटीसारखंच हाय हे. अळी बोंडात बसली, अन् भाऊ वरून फवारून राहिला. बोंड बंद, तं आत काय जाईन?"

तेव्हापासून माझ्या कामाची चौकशी त्यांनी अंगावरच घेतली.

पुढं त्यांची शिवण वाकडी जाऊ लागली. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी लागली, त्यावर त्याच सर्वांत जास्त हसल्या. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. उपचार सुरू झाले, पण गाठ वाढतच राहिली. एकदा त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुह्या औषधातलं थोडं मले दे."

"ते अजून उंदरांवरच चाललंय, आपा. तिथंही आत जात नाही. माणसाला काय होईल, मला माहीत नाही."

"मंग मले उंदीर समज. एवढी मोठी उंदरीण तुमच्या कालेजात आली नसन."

मला हसू आलं नाही. मी नाही म्हणाले. त्या बराच वेळ ओढणीचं टोक दुमडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी किल्ली लावताना मला आवाज करायचा नव्हता. मशीन बंदच होतं. तरी आतून आलंच, "आज पोचलं काय?"

नंतर लेकीनं त्यांना अकोल्याला नेलं. मी रविवारी जायची. त्यांचे शब्द हरवत चालले होते. चहाला त्या दोरा म्हणायच्या, मला भावाच्या नावानं हाक मारायच्या. प्रश्न मात्र शाबूत होता. शेवटी तोही गेला. मग त्या नुसत्या भुवया वर करायच्या आणि मी नाही म्हणून मान हलवायची.

त्या गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या गाठीत, अगदी आत, माझ्या कणांचे हिरवे ठिपके चमकताना दिसले. माणसापर्यंतची वाट अजून फार लांब होती. पण पोहोचलं होतं.

संध्याकाळी घरी आले. शेजारच्या दाराला कुलूप होतं. मी माझं कुलूप लगेच उघडलं नाही. किल्ली जरा वाजवत उभी राहिले.