दहा बाटल्या आणि माझे स्वच्छ हात

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात गेले. डबा पोचवायला नाही, शिकायला. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घराजवळच्या एका कॉलेजात सहा महिन्यांचा कोर्स निघाला होता. केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा काचेच्या बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा आणि त्यातून रोपं वाढवायची. माझं बी.एस्सी. पहिल्याच वर्षी लग्नात सुटलं, तेव्हापासून वनस्पतिशास्त्र तुळशीपुरतं उरलं होतं. मुलगा पुण्याला गेला, घर गप्प झालं, म्हटलं जाऊन पाहू.

"ह्या वयात काहून जाऊन राहिली?" रेल्वेच्या हापिसात कारकुनी करणारे आमचे हे म्हणाले. "पोट्ट्यांसंग बेंचवर बसशील?"

"बसीन. तुम्ही कुकर लावायले शिका, म्हणजे दोघंही शिकू."

परीक्षेचा नियम सोपा होता. प्रत्येकानं दहा बाटल्या लावायच्या. दहा दिवसांनी आठ बाटल्या तरी बुरशीवाचून राहिल्या, तर शहराबाहेरच्या रोपवाटिकेत प्रयोगशाळेचं काम. नाही राहिल्या, तर नुसतं सर्टिफिकेट, भिंतीला लावायला. मला काम हवं होतं. इतकं हवं होतं, की मी ते घरात कोणाला सांगितलंही नाही.

त्याआधी सराव होता. पहिल्या सरावात माझ्या दहाच्या दहा बाटल्यांत कापूस पिंजल्यासारखी बुरशी. शेजारच्या बेंचवरच्या एकोणीस वर्षांच्या पोट्टीच्या बाटल्या मात्र आरशासारख्या.

"बाटल्या लावल्या त्या सकाळी तू आंघोळ करून आली होती का गं?" मी विचारलं.

"नहीं आंटी, लेट हो गई थी. पोहा भी रास्ते में खाया."

माझं डोकंच चालेना. मी पहाटे न्हाऊन, धुतलेली साडी नेसून, देवाला हात जोडून आलेली. आणि ही रस्त्यात पोहे खात आलेली!

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बाटली उघडी असताना बोलायचं नाही, थुंकी उडते. तेव्हा लक्षात आलं, की मी त्या उघड्या बाटल्यांना मावससासूच्या घरच्या लग्नातलं भांडण साग्रसंगीत ऐकवलं होतं. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे, पण ते इथंही उघडं राहिलं हे मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या सरावाला तोंड शिवून बसले. त्या दिवशी दोनदा आंघोळ केली, वर उपासही धरला. नऊ बाटल्या गेल्या.

"तुह्या उपासाचा फराळ बुरशीनं केला," हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. बोलणं बंद केलं, स्वच्छता दुप्पट केली, तरी तेच. स्वच्छतेत तर माझा हात कोणी धरू शकत नाही. सासूबाईंच्या सोवळ्यात मी बावीस वर्षं पास झालेली बाई आहे. मग चुकतंय कुठं?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज मैं आपके पीछे खड़ी रहूँगी. जैसे रोज करती हैं, वैसे ही कीजिए."

मी हातांवर स्पिरिट घेतलं, कोपरापर्यंत चोळलं. मग नेहमीसारखी दाराजवळच्या नळाशी गेले आणि हात खळखळून धुतले.

"रुकिए! ये क्या किया?"

"धो लिए मैडम. दारू की बास आती है न."

"हर बार धोती हैं?"

"हर बार. दो-दो बार."

मॅडम स्टुलावर बसल्या. हसू दाबत होत्या की कपाळाला हात लावणार होत्या, सांगता येत नाही. मग हळूच म्हणाल्या, "दीदी, आप अचार डालती हैं?"

"डालती हूँ."

"गीले हाथ से?"

 ओला चमचा लोणच्याच्या बरणीत घातला म्हणून ह्यांच्याशी मी एकदा दोन दिवस बोलले नव्हते. पण ते लोणचं होतं, हे तर विज्ञान! मॅडम म्हणाल्या, नळाच्या पाण्यातही जंतू असतात, स्पिरिटनं मारलेले मी परत हातांना लावून घेत होते. ज्या पाण्यानं मी देव न्हाऊ घालते त्यात जंतू, आणि ज्याच्या वासानं जीव कसनुसा होतो ते शुद्ध? पटलं म्हणावं तर मन मानेना, नाही म्हणावं तर एकोणीस बाटल्या साक्षीला.

परीक्षेत हात स्पिरिटनं चोळले आणि तसेच हवेत धरून सुकवले. नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळा वेळ वाटत होतं, आपण काहीतरी अशुभ करतोय.

दहाव्या दिवशी मॅडमनी माझ्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. नऊ साफ. दहावीत राखाडी ठिपका. त्यांनी रोपवाटिकेच्या यादीत माझं नाव लिहिलं. माझं लक्ष दहावीवरच.

"मैडम, बाकी सब ठीक, तो ये एक कैसे बिगड़ी?"

त्यांनी ती बाटली परत उचलली, फिरवली, चष्मा वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पता नहीं," त्या म्हणाल्या. "कभी-कभी हमें भी समझ नहीं आता."

यादीतलं नाव पाहून वाटलं नव्हतं इतकं मला त्या वाक्यानं बरं वाटलं; न कळणारी मी एकटी नव्हते. ह्यांना फोन लावायचा सोडून मी स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी ती बाटली आणखी दोनदा फिरवून पाहिली. काही कळलं नाही.