दंडावरचा फोड

पलंगाची मोठी चादर एकट्याने घडी करून बघा, म्हणजे कळेल. एक टोक हनुवटीखाली दाबायचं, दोन्ही हात ताणायचे, तरी दुसरं टोक जमिनीला लागतंच. इस्पितळाच्या धुलाईघरात पूर्वी हे काम दोघं करत. एका बाजूला मावशी, समोर इस्त्रीवाला. टोकं जुळवायला दोघं जवळ आली की त्याची एखादी थाप ऐकायला मिळायची. त्याचा आवाज असा दणदणीत की सगळे त्याला भोंगाच म्हणत. नवा विषाणू आला, एका टेबलाशी एकच माणूस असा नियम निघाला, आणि मावशी हनुवटीने काम करायला शिकली.

हनुवटीचं एक वेळ ठीक होतं, पण काम संपल्यावर काय करायचं? तोवर ती लेकीजवळ राहत होती. आता इस्पितळामागे एक खोली घेतलेली, त्यात खाट, शेगडी आणि बॉयलरच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. लेकीला दिवस गेलेले, जावयाचं काम बंद पडलेलं, तेव्हा मावशीने नोकरी सोडायची सोय नव्हती. या विषाणूच्या रुग्णांसाठी उघडलेल्या नव्या वॉर्डाच्या चादरी हाताळणारी बाई पोटुशीच्या घरात नको, हे तिला स्वतःलाही पटत होतं. पण लेकीने ते बोलून दाखवलं ते फार वाईट. "तू दारात आलीस की मला धडकी भरते," ती म्हणाली. बोलून गेली बिचारी, आईच्या काळजात मात्र ते रुतून बसलं. सामान बांधताना मावशीने तोंडातून अक्षर काढलं नाही. अबोला धरण्यात तिचा हात धरणारं खानदानात कोणी नव्हतं.

नात झाली ती तिने फोनवरच पाहिली. जावई चित्रं पाठवायचा. मावशी काचेवर नातीच्या गालाला बोट लावायला जायची, तर चित्र सरकून दुसरंच काहीतरी यायचं. मग पुन्हा मागे जाऊन शोधायचं. एकटेपणाबद्दल तिची तक्रार नव्हती असं शेजारणी म्हणत. शेजारणींना काय जातंय म्हणायला? रात्रीचा भात ती पातेल्यातच खायची, कारण एका माणसासाठी ताट कशाला विसळायचं.

अशात इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी अभ्यास काढला. क्षयाची जुनी लस, तान्ह्या बाळांना टोचतात ती, या नव्या विषाणूलाही थोडाफार आवर घालते का, हे बघायचं होतं. तयार होणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नसणार. खरी लस असली तर दंडावर बहुधा फोड येतो, ही बातमी मात्र भोंग्याच्या कृपेने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

लहानपणी ही लस टोचली होती का, असं नर्सने मावशीला विचारलं. ते सांगायला आता कोणी उरलं नव्हतं. बाईंनी तिला नीट समजावलं, की उपयोग होईलच असं नाही, तेच तर शोधायचंय. मावशीने मान डोलावली आणि मनात भलतंच धरलं. बुडत्याला काडीचा आधार. फोड आला तर तो लेकीला दाखवता येईल, आणि नात मांडीवर घेता येईल.

ती रोज आरशासमोर बाही वर करून बघायची. दंड बरेच दिवस स्वच्छ होता. मग एकदाची लाली आली, गाठ धरली, फोड झाला आणि पू आला. पू पाहून इतकं हरखलेलं माणूस तुम्ही पाहिलं नसेल. तिने फोटो पाठवला, आणि या खेपेला जावयाचा नाही, खुद्द लेकीचा फोन आला. नातीच्या दंडालाही अगदी असाच फोड आलाय म्हणून लेक हसली. किती महिन्यांनी हसली! रविवारी ये, म्हणाली.

भोंग्याच्या दंडालाही फोड आला होता. त्याने मास्क खिशात घातला आणि बाही वर करून इस्पितळभर मिरवला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? जुनं ते सोनं, मावशी," असं म्हणत त्याने चादरीचं समोरचं टोक उचललं. नियम होता, पण मावशीने ते टोक त्याच्या हातून काढून घेतलं नाही. त्या आठवड्यात दोघांनी पुन्हा जोडीने घड्या घातल्या. थापाही ऐकल्या, अगदी जवळून.

शुक्रवारी भोंगा आला नाही. तापाने फणफणला होता. शनिवारी सकाळी त्याला नव्या वॉर्डात ऑक्सिजन लावला.

मावशी तडक बाईंकडे गेली. त्याला लसच मिळाली होती ना, मग हे कसं? बाईंनी डोळे चोळले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. "एका माणसावरून काहीच कळत नाही, मावशी. त्याच्यावरून नाही, तुमच्यावरूनही नाही. हजारोंचा हिशेब लागेल तेव्हा कळेल." बरोबरच होतं त्यांचं. पण मावशीला हजारो नाती नव्हत्या, एकच होती. तपासणी करून घ्या आणि आता कोणाकडे जाऊ नका, एवढं बजावून बाई पुढच्या कामाला लागल्या.

मावशीला ना खोकला ना कणकण. उद्या गेली असती तर कोणाला कळलंही नसतं. दुपारभर ती खाटेवर बसून हेच घोळवत राहिली, आणि स्वतःची लाज वाटली तेव्हा फोन लावला.

"उद्या मी येत नाही."

लेकीने विचारलं, "अजून राग आहे तुझा?"

"आहे," मावशी म्हणाली. "पण त्यासाठी नाही." मग तिने सगळं सांगितलं, भोंग्याचं, चादरींचं, फोडाचा काही भरवसा नसल्याचं. लेक ओरडेल असं तिला वाटलं होतं. लेक रडायला लागली. मागे बाळही रडत होतं.

"तरी ये ना, आई. मला एकटीला नाही गं होत."

इतके महिने मावशीला एवढंच ऐकायचं होतं. "नाही," ती म्हणाली, आणि लेकीने फोन ठेवेपर्यंत तिने तो कानाशी तसाच धरून ठेवला.