बिनविस्तवाची शेगडी

बेंबळीत बाजाराच्या वाटेवर गफारभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच ओसरी. चाळण्या, कोठ्या आणि पन्हाळी करता करता त्यांचे केस पिकले. मग प्लास्टिक आलं आणि काम आटलं. तेव्हा त्यांनी हिवाळ्यापुरता एक उद्योग काढला. गोड्या तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, बुडाशी हवेला भोकं पाडायची, आत जाळी बसवायची आणि वर तारेची कडी लावायची. मूठभर निखारे टाकले की हातात धरून कुठंही न्यावी अशी शेगडी तयार. रानात राखणीला जाणारे, पहाटे ऊसतोडीला जाणारे, मेंढ्या घेऊन हिंडणारे, सगळे ती न्यायचे.

कोंडाबाईनंही नेली होती. ती आणि तिचा नवरा महारुद्र दरसाल थंडीत मेंढ्या घेऊन या शिवारात यायचे आणि खतासाठी कुणाच्या तरी रानात त्या बसवायचे. यंदा सोबत नवी सून होती, सृष्टी. तिला उघड्यावर राहायची सवय नव्हती.

शेगडी नेल्याला चार दिवस झाले असतील. सकाळी महारुद्र दुकानापुढं येऊन उभा राहिला. डोळे लाल, अंगावर कालचेच कपडे.

"भाई, बायकांना धाराशिवला दवाखान्यात ठिवलंय," तो म्हणाला. "झिमझिम पाऊस हुता. त्यांनी शेगडी पालात घेतली आन् ताडपत्री चारी बाजूंनी दाबून झोपल्या. म्या आन् कुमार मेंढरापाशी हुतो. काल पहाटं हाका मारल्या तर दोघीबी उठंनात."

"आता?" गफारभाईंना एवढंच विचारता आलं.

"शुद्धीवर हाईत. डाक्टर म्हणले, कोळशाचा वायू असतो, त्याला वास येत न्हाय."

महारुद्रच्या बोलण्यात राग नव्हता. मेंढ्यांपाशी पोरगा कुमार एकटाच होता म्हणून तो लगेच निघून गेला. गफारभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि तसेच एसटी स्टँडवर गेले.

दवाखान्यात कोंडाबाई कॉटवर बसली होती. शेजारच्या कॉटवर सृष्टीच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, पण ती डोळे उघडून बघत होती. गफारभाईंना पाहून कोंडाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला.

"तुमी कशाला आलात एवढ्या लांब?"

"कोंडाबाई, शेगडी देताना म्या तुम्हाला सांगितलं न्हाय. आत न्यायची नसती म्हणून."

"आमी तरी कुठं इचारलं? पोरगी काकडायली हुती. घेतली आत."

"मला म्हाईत होतं," गफारभाई म्हणाले. "माझ्या उस्तादानं मला पैल्यांदा तेच शिकवलं होतं. सगळ्यांना ठाऊकच असंल, असं धरून चाललो मी."

कोंडाबाईनं कॉटवर जरा सरकून जागा केली. "बसा," ती म्हणाली. "उभ्या उभ्या पाय दुखतील."

ते बसले आणि सृष्टीचा मास्क काढेपर्यंत बसूनच राहिले.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी एकही शेगडी केली नाही. गिऱ्हाईक आलं तर "न्हाय करत आता" म्हणायचे आणि आत जायचे. त्यांच्या पत्नी कुलसुमबी सगळं बघत होत्या. एक दिवस भाकरी वाढताना त्या म्हणाल्या, "अपना साजिद पैदा हुआ तब अम्मी मेरे पाँव के पास क्या रखती थी, याद हाय?"

गफारभाईंचा घास हातातच राहिला. चुलीत तापवलेली वीट, चिंध्यांत गुंडाळलेली. आग बाहेरच राहायची, ऊब तेवढी आत यायची.

त्याच दुपारी ते कामाला बसले. विटेच्या मापाची पेटी केली, तिच्याबाहेर दुसरी मोठी पेटी, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत राख ठासून भरली. आत तापलेली वीट ठेवायची आणि वर घट्ट झाकण. पहिल्या पेटीचा पत्रा इतका तापला की वरून गुंडाळलेलं पोतं करपलं. दुसऱ्या खेपेला वीट ओली होती, ती चुलीतच तडकली. तिसरी पेटी कुलसुमबींनी संध्याकाळी पांघरुणात घेतली. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "अभी भी कोमट हाय. हात लगाके देखो."

ती पेटी घेऊन गफारभाई मेंढ्या बसल्या होत्या त्या रानात गेले. सृष्टी आता हिंडतफिरत होती. पेटी कशी वापरायची ते त्यांनी तिला दोनदा सांगितलं आणि एकदा तिच्याकडून वदवून घेतलं. "वीट बाहेर तापवायची, कोरडीच घ्यायची, निखारा एकबी आत न्यायचा न्हाय," ती म्हणाली, आणि शाळेत धडा म्हटल्यासारखं झालं म्हणून हसली. कोंडाबाईनं पोत्याऐवजी पेटीला लोकरीची जाड पट्टी गुंडाळली आणि आणखी बोचकंभर लोकर त्यांच्या हवाली केली. "पुढच्यांना लागंल," ती म्हणाली.

पण ज्यांनी आधीच शेगड्या नेल्या होत्या त्यांचं काय? गफारभाईंनी आठवून आठवून एकेकाचं घर गाठलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी हसण्यावारी नेलं. ऊसतोडीच्या एका टोळीतले लोक तर शेगडी रोज कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीतच, ठेवत होते. तिथं ते तासभर बसले आणि मुकादमाकडून ती बाहेर ठेवायचं कबूल करून घेऊनच उठले.

शेवटी राहिले रेवणप्पा. हरभऱ्याच्या राखणीला एकटेच असायचे. गफारभाई पोचले तेव्हा दिवस मावळत होता. रेवणप्पा बांधावर बसले होते आणि शेगडी त्यांच्यापुढं उघड्यावर पेटलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्ये सांगाया चालत आलात व्हय?"

"व्हय."

"बसा मग. गार पडले असतील हात तुमचे."

दवाखान्यातून आल्यापासून गफारभाई पेटत्या शेगडीजवळ बसले नव्हते. ते क्षणभर तसेच उभे राहिले. रेवणप्पांनी आपलं घोंगडं पसरून अर्धं त्यांच्या बाजूला सारलं. मग गफारभाई खाली बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे निखाऱ्यांवर धरले.